कंपोस्टेबल पिशव्या आणि प्लेटा खतात तशाच राहतात? काय काय तपासायचं, क्रमाने

सोसायट्यांचे खताचे पिट, ड्रम, क्रेट बघायचं काम मी करते आणि मुलुंडहून फोन येवो नाहीतर कांदिवलीहून, तक्रार तीच असते, ताई पाकिटावर कंपोस्टेबल लिहिलंय, साध्या पिशवीपेक्षा पैसे जास्त मोजलेत आणि तीन महिन्यांनी खत चाळलं तर पिशव्या जशाच्या तशा. कधी पिशव्यांऐवजी चमचे असतात, कधी कुणाच्या बारशाच्या प्लेटा. दर वेळी फोनवर तेच तेच बोलून घसा बसतो म्हणून एकदाचं लिहून ठेवतेय. फुकटातलं आधी, खर्चाचं शेवटी. मधल्या पायऱ्या गाळू नका, बहुतेकांचं काम पहिल्या तीनचार गोष्टींतच होतं आणि तरी कमिटीवाले थेट नवीन मशीनचं कोटेशन मागवून बसलेले असतात.

आधी लक्षणं बघा

"कुजत नाही" एवढं सांगून काही कळत नाही, चाळणीवर नक्की काय राहतंय ते बघा.

- पिशवी अख्खी, वरची गाठसुद्धा शाबूत, आत काळा लगदा आणि उघडली की सडक्या अंड्याचा वास.
- पिशवीला भोकं पडलीयत, ताणली की तुटते, पण पूर्ण जात नाही.
- पिशवीचे नखाएवढे तुकडे झालेत, रंग अजून तोच, आणि ते चाळणीतून खाली खतात उतरतायत.
- चमचे, काटे, पारदर्शक ग्लास, झाकणं यांना काहीही झालेलं नाही, धुतली तर परत वापरता येतील अशी.
- उसाच्या चोथ्याच्या प्लेटा एकमेकींना चिकटून गठ्ठा झालाय आणि ढीग थंडगार पडलाय.
- चहाच्या कागदी कपाचा कागद गेला, आतला पातळ पापुद्रा उरला.
- आणि एक उलटं लक्षण, पिशवी खतात पोचायच्या आधीच स्वयंपाकघरात खालून फाटते.

आता हे असं का होतं ते थोडक्यात, म्हणजे पुढचं डोक्यात बसेल. कंपोस्टेबल या शिक्क्यामागे एक परीक्षा असते. आपल्याकडे तिचं नाव आयएस/आयएसओ १७०८८. त्या परीक्षेत माल ५८ अंशांच्या आसपासच्या गरम, ओलसर, हवा खेळणाऱ्या खतात ठेवतात. ८४ दिवसांनी २ मिलिमीटरच्या चाळणीवर त्याचा दहा टक्क्यांपेक्षा जास्त भाग राहता कामा नये आणि १८० दिवसांत त्यातल्या कार्बनचा ९० टक्के भाग कार्बन डायऑक्साइड होऊन जायला हवा. म्हणजे पास झालेली वस्तू पास झालीय ती ५८ अंशांत. तुमच्या पार्किंगच्या कोपऱ्यातला निळा ड्रम असतो ३२ ते ३८ अंशांत. पिशवीने फसवलंच असं नाही, तिला जे कबूल केलं होतं ते तुम्ही दिलेलं नाही. फसवणूकही होते, त्यावर पुढे येतेच.

सगळा कंपोस्टेबल माल एकसारखाही नसतो. कडक पारदर्शक ग्लास आणि बरेचसे चमचे पीएलए नावाच्या प्लास्टिकचे असतात. मका किंवा उसातली साखर जीवाणूंकडून आंबवून लॅक्टिक ॲसिड काढतात, त्याचे लांबच लांब रेणू जोडत नेतात आणि तो दाणा साच्यात ओततात. हे रेणू म्हणजे ओवलेल्या मण्यांची माळ, जीवाणूंना मणी खाता येतात पण माळ आधी पाण्याने तुटावी लागते आणि ते पाण्याचं काम साधारण ६० अंशांच्या जवळ गेल्याशिवाय वेग घेत नाही. त्याच्या खाली महिनोन्महिने काही घडत नाही. मऊ कॅरीबॅग बहुतेक वेळा पीबीएटी नावाचं मऊ प्लास्टिक आणि स्टार्च यांच्या मिश्रणाची असते. हे पीबीएटी बहुतांशी पेट्रोलियमपासूनच बनतं, तरी ते कुजतं, हे ऐकून लोक चमकतात, पण वस्तू कशापासून बनली आणि कशी कुजते या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. कोमट ढिगात आधी स्टार्च खाल्लं जातं आणि पीबीएटी मागे राहतं, दुसऱ्या लक्षणातली भोकं तिथली. चोथ्याच्या प्लेटा मात्र सरळ वनस्पतीचा धागा, साखर कारखान्यातलं उरलेलं चिपाड शिजवून लगदा करतात आणि गरम साच्यात दाबतात, त्यात प्लास्टिकसारखं बनवलेलं पॉलिमर नाही. सुपारीच्या प्लेटा तर झाडावरून गळलेली झावळीची पोय धुऊन, गरम दाबून केलेल्या. त्या कुजतात, फक्त जाड असल्याने वेळ घेतात.

एवढं झालं, आता तपासणी.

१. पिशवी उजेडात धरून वाचा

खर्च शून्य. कंपोस्टेबल हा शब्द, आयएस/आयएसओ १७०८८, उत्पादकाचं नाव आणि केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या प्रमाणपत्राचा क्रमांक. कंपोस्टेबल पिशव्या बनवणाऱ्याला विक्रीच्या आधी या मंडळाचं प्रमाणपत्र घ्यावं लागतं आणि प्रमाणपत्र असलेल्या उत्पादकांची यादी मंडळाच्या वेबसाइटवर आहे. पिशवीवरचं नाव त्या यादीत शोधा, मोबाइलवर दहा मिनिटांचं काम.

नुसतं "इको फ्रेंडली", "ग्रीन", "बायो", हिरवं पान, हिरवा बाण यांना काही किंमत नाही. "ऑक्सो बायोडिग्रेडेबल" लिहिलं असेल तर तिथेच थांबा. ते साधं पॉलिथिन असतं, त्यात धातूंचे क्षार घातलेले असतात म्हणून उन्हात-उष्णतेत त्याचे तुकडे लवकर होतात, पण ते तुकडे प्लास्टिकचेच. युरोपियन युनियनने २०२१ पासून असल्या मालाची विक्री बंद केली. तिसरं लक्षण, नखाएवढ्या तुकड्यांचं, तुमच्याकडे असेल तर मला सगळ्यात आधी संशय याचाच येतो.

महाराष्ट्रात २०१८ मध्ये प्लास्टिकबंदी आली, मग केंद्राने १ जुलै २०२२ पासून एकदा वापरायच्या प्लास्टिकच्या कित्येक वस्तू बंद केल्या, आणि त्याच वर्षाच्या ३१ डिसेंबरपासून साध्या कॅरीबॅगची किमान जाडी १२० मायक्रॉनवर नेली. कंपोस्टेबल पिशवीला मात्र या जाडीच्या अटीतून सूट आहे. साहजिकच पातळ पिशवी विकायचा सोपा रस्ता म्हणजे तिच्यावर कंपोस्टेबल छापणं. मार्केटमध्ये फेरीवाल्याला हे कळायचं कारण नाही, त्याला होलसेलवाला जे देतो ते तो देतो, त्याच्याशी भांडत बसू नका.

२. पाण्यात टाका

ही माझी लाडकी तपासणी. पिशवीचा दोन बोटांएवढा तुकडा कापा, ग्लासभर पाण्यात भांड्याच्या साबणाचा एक थेंब टाका, तुकडा पाण्याखाली नेऊन बोटांनी चोळा म्हणजे चिकटलेले बुडबुडे निघतील, मग सोडून द्या. पॉलिथिन आणि पॉलिप्रोपिलिन पाण्यापेक्षा हलकी, वर येतात. पीएलए आणि पीबीएटी पाण्यापेक्षा बऱ्यापैकी जड, बुडतात. तरंगला तर ती पिशवी कंपोस्टेबल नाही, वर काहीही छापलेलं असो, खतातून बाहेर काढा आणि सुक्या कचऱ्यात द्या.

बुडाला म्हणून लगेच खूश होऊ नका, पॉलिथिनमध्ये खडूची पावडर जास्त घातली तर तेही बुडतं आणि पाण्याच्या बाटलीचं पेट प्लास्टिक तर बुडतंच. म्हणजे तरंगली तर नक्की नापास, बुडाली तर अजून शंका शिल्लक. आयोडीनचे थेंब टाकून निळं-काळं झालं की स्टार्च आहे म्हणजे पास, असं व्हॉट्सॲपवर फिरतं, त्यावर विसंबू नका, पॉलिथिनमध्ये स्टार्च मिसळलं तरी रंग तोच येतो. आणि जाळून बघायची टेस्ट अजिबात करू नका, बंद गॅलरीत तो धूर कुणाच्या नाकात जातो ते आधी बघा.

कागदी कपाला वेगळी युक्ती. रात्रभर पाण्यात भिजत ठेवा, सकाळी कागद चोळून काढा, आत पारदर्शक पापुद्रा मिळेल, त्याच पाण्यात त्याचीही तरंगायची टेस्ट घ्या. टपरीवरचे बहुतेक कप पॉलिथिनच्या अस्तराचे निघतात. चकाकत्या चंदेरी द्रोण-पत्रावळींचंही तेच, वरचा थर प्लास्टिकचा असतो. पळसाची पानं काड्यांनी टाचलेली साधी पत्रावळ निमूट खत होते, तिची कधी तक्रार आलेली नाही.

३. गाठ सोडा, फाडा, तोडा

पहिलं लक्षण असेल, म्हणजे अख्खी गाठ मारलेली पिशवी आणि सडक्या अंड्याचा वास, तर दोष पिशवीचा नाहीच. गाठ मारलेल्या पिशवीत हवा जात नाही, आतला भाजीपाला-भात हवेशिवाय सडतो, तो घाण वास हायड्रोजन सल्फाइडचा. बाहेरच्या खतातले जीवाणू आत शिरत नाहीत आणि पिशवीला एकाच बाजूने तेवढी जीवाणूंची संगत मिळते. गाठ सोडून पिशवी उलटी करायची, रिकामी पिशवी दोनतीन ठिकाणी फाडून ढिगात पसरून टाकायची. हाउसकीपिंगच्या दादांना हे कोणी सांगितलेलंच नसतं, त्यांना जाड हातमोजे द्या आणि एकदा स्वतः उभं राहून दाखवा, नोटीस बोर्डावर चिकटवून होत नाही.

प्लेटा चार तुकड्यांत मोडून, पाण्यात बुडवून मग टाका. सुपारीच्या प्लेटेला रात्रभर भिजवणं फार उपयोगी पडतं. अख्ख्या प्लेटा एकात एक बसतात आणि मधे हवा आणि ओल दोन्ही अडते, पाचवं लक्षण अर्धं यातूनच येतं.

रबरबँड, शॅशे, फळांवरचे स्टिकर, हाराचा नायलॉनचा दोरा हे सगळं याच वेळी उचलून घ्या. गणपतीनंतर निर्माल्य टाकता तेव्हा दोरा आधी ओढून काढला नाही तर पुढे खत ढवळताना फावड्याला जो गुंता होतो तो सोडवायला कोणी येत नाही.

४. मुठीत दाबून बघा

ढिगाच्या आतून, हातभर खोल, मूठभर माल काढा, हातमोजा घालून जोरात दाबा. एकदोन थेंब आले तर ओल बरोबर आहे, साधारण ५० ते ६० टक्के. धार लागली तर जास्त ओलं. दाबून मूठ उघडल्यावर भुगा होऊन पडलं तर कोरडं.

मुंबईत दहापैकी आठ जण जास्त ओलेच, पावसाळ्यात तर विचारू नका. ढिगात पाणी भरलं की हवेची जागा पाणी घेतं, उष्णता तयार करणारे जीवाणू गुदमरतात आणि ढीग गरम होतच नाही. उपाय म्हणजे सुका माल, लाकडाचा भुसा, कोकोपीट, सुका पालापाचोळा, फाडलेला पुठ्ठा. वखारीतून भुसा आणाल तर प्लायवूडचा नको, त्यात गोंद आणि केमिकल असतं, साध्या लाकडाचा मागा. ओल्या कचऱ्याच्या एका बादलीला निदान अर्धी ते एक बादली सुका माल, हे मापाने टाका, अंदाजाने टाकणारा माणूस नेहमी कमी टाकतो कारण भुशाची गोणी वर उचलायला जड असते. पिटावर पत्रा हवा आणि बाजूने वाहून येणाऱ्या पाण्याला अडवणारी दोन विटांची उंची. खाली साचणारं काळं पाणी रोज काढलंच पाहिजे.

कोरडं असेल तर पाणी शिंपडा, ओतू नका. डिसेंबर-जानेवारीत, गच्चीवरच्या क्रेटमध्ये हे होतं.

५. सळी टाकून उष्णता बघा

लांब दांड्याचा कंपोस्ट थर्मामीटर ऑनलाइन मिळतो, घ्याच, वर्षभर भांडणं वाचतात. तोपर्यंत लोखंडी सळी ढिगाच्या मधोमध खुपसा, दहा मिनिटांनी बाहेर काढून आधी बाहेरून हात जवळ नेऊन बघा मग धरा. आरामात धरता आली तर ढीग कोमट. धरवत नाही, पटकन सोडावी लागते, तर ५५-६० च्या घरात आहात. हे रोज त्याच वेळी बघा आणि भिंतीवर खडूने लिहा, कारण एका दिवसाच्या आकड्यावरून काही समजत नाही.

चांगला ढीग रचल्यावर दोनतीन दिवसांत चढायला लागतो. चढून परत उतरला तर हवा संपलीय, पलटा. पलटल्यावर परत चढला तर ढीग ठीक आहे आणि तुमच्या पिशव्यांना फक्त वेळ द्यायचाय. पलटूनही चढत नाही तर पुढचे दोन मुद्दे बघा.

६. आकार

ढीग स्वतःची उष्णता धरून ठेवतो ते त्याच्या आकारामुळे, साधारण एक घनमीटर म्हणजे तीन फूट लांब, तीन रुंद, तीन उंच. त्याहून लहान असेल तर बाजूंनी उष्णता निघून जाते आणि कितीही चांगला माल टाका, ५८ काही येत नाही. बाल्कनीतली मडकी, वीस लिटरची बादली, छोटा ड्रम यांत भाजीची देठं, सालं, चहाचा चोथा सुंदर खत होतो, पण पीएलएचा चमचा तिथे कधीच जाणार नाही. हे भांड्याचं वैगुण्य नाही, तिथे तो चमचा टाकायचाच नाही एवढंच.

सोसायटीत तीन छोटे ड्रम अर्धे अर्धे भरत असाल तर एकच भरा, मग दुसरा. माणसं उलटं करतात, रोज तिन्हींत थोडं थोडं, आणि तिन्ही कोमट.

"होम कंपोस्टेबल" असा वेगळा प्रकार आहे, त्याची परीक्षा घरच्या तापमानाला, २०-३० अंशांत होते आणि मुदत वर्षभरापर्यंत असते. बाल्कनीत टाकायचंच असेल तर तो शिक्का शोधा. साधा कंपोस्टेबल आणि होम कंपोस्टेबल यांत दुकानदार फरक करत नाही, तुम्ही करा.

७. सत्यनारायणानंतर ढीग थंड का पडतो

पूजा, हळदीकुंकू, लग्नाचं रिसेप्शन झालं की चारपाचशे प्लेटा एकदम पिटात येतात. चोथ्याच्या प्लेटा म्हणजे जवळजवळ नुसता कार्बन. जीवाणूंना कार्बनच्या जोडीला नायट्रोजन लागतो, साधारण २५-३० भाग कार्बनला १ भाग नायट्रोजन हे प्रमाण चांगलं समजतात, भाजीपाला-उष्टं त्यापेक्षा नायट्रोजनच्या बाजूला झुकलेलं असतं आणि लाकूड, चोथा, पुठ्ठा कार्बनच्या बाजूला खूपच. पाचशे प्लेटा एकदम टाकल्या की खाणाऱ्यांना नायट्रोजन पुरत नाही आणि सगळं गारठतं.

यातच फायदाही आहे बघा, प्लेटा म्हणजे फुकटचा सुका माल. मोडलेल्या प्लेटा एका गोणीत कोरड्या ठेवून द्या आणि रोजच्या ओल्या कचऱ्यात भुशाच्या जागी थोड्या थोड्या घाला, भुशाचा खर्च वाचतो. आधीच टाकून ढीग थंड पडला असेल तर भाजीवाल्याकडचा पाला, कोबीची पानं, आंबट ताक किंवा शेणकाला घाला. गोरेगाव-जोगेश्वरीकडे तबेले आहेत, बादलीभर शेण विचारलं तर कोणी नाही म्हणत नाही. शेण पाण्यात कालवून थराथरावर शिंपडायचं आणि पूर्ण ढीग पलटायचा. तीनचार दिवसांत सळी परत गरम लागायला हवी.

उरलेली तेलकट भाजी, तळण, मासळीची डोकी प्लेटांवर तशीच राहिली असेल तर खरवडून टाका, थोडी चालते, पण थर चढला की उंदीर येतात. उंदरांचा विषय मुंबईत हलक्यात घेऊ नका. पावसाळ्यात लेप्टोची, म्हणजे उंदरांच्या लघवीतून पसरणाऱ्या तापाची, भीती असते, पिटात हात घालणाऱ्याला गमबूट आणि हातमोजे नसतील तर ते काम थांबवा, आणि कुणाच्या पायाला जखम असताना तो साचलेल्या पाण्यात उतरला आणि ताप आला तर दवाखान्यात उंदीर असलेल्या जागी काम केलं होतं हे आवर्जून सांगायला लावा.

८. पिशवी किचनमध्येच फाटते तेव्हा

स्टार्चची पिशवी ओल आणि उष्णता दोन्हींनी कमकुवत होते आणि आपण ती सिंकखाली ठेवतो, जिथे दोन्ही असतं. वर्षभराचा स्टॉक एकदम घेऊ नका, गठ्ठा कोरड्या कपाटात ठेवा, पाकिटावरची तारीख बघा. पेज, गरम चहापत्ती गाळून-गार करून टाका आणि भरलेली पिशवी दोन दिवसांच्या वर घरात ठेवू नका. माझं मत विचाराल तर पिशवीच नको. डब्याच्या तळाशी वर्तमानपत्र घाला, डबा थेट पिटाच्या बादलीत रिकामा करा आणि धुवा. यावर लोक मला नाकं मुरडतात पण पाणी आणि मिनिटभर वेळ याशिवाय यात जातं काय.

९. चमचे, ग्लास, झाकणं

वरचं सगळं करून ढीग ५५ च्या वर आठवडेच्या आठवडे टिकत असेल तर कापून-ठेचून टाकलेल्या पीएलएच्या वस्तू जातात, चाळणीवर राहिलेले तुकडे पुढच्या गरम ढिगाच्या मधोमध परत टाकायचे. ढीग टिकत नसेल तर ही वस्तू खतात घेऊच नका. सुक्या कचऱ्यात दिली तर भंगारवाल्याला ती पेट बाटलीसारखी दिसते, तिथे मिसळली तर पेटचा लॉट खराब होतो. आणि डम्पिंगला गेली, मग देवनार असो की कांजूर, तर तिथे तिला ते ५८ अंश आणि ती हवा मिळतेच असं नाही. म्हणून कार्यक्रमाला चमचेच नकोत, स्टीलचे भाड्याने मिळतात, दादर-परळला कुठल्याही मंडपवाल्याला विचारा. समुद्रात पीएलए विरघळतं म्हणून विसर्जनाला बिनधास्त वापरा असं कोणी म्हणालं तर त्याचं ऐकू नका, समुद्राचं पाणी ६० अंशांचं नसतं.

१०. मशीन

आता खर्चाचं. चोवीस तासांत खत देणारं म्हणून जे मशीन येतं ते बऱ्याचदा कचरा तापवून, घुसळून सुकवतं. बाहेर येणारी तपकिरी पूड दिसते खतासारखी, पण ती पिकलेली नसते, पाणी घाला आणि दोन दिवस झाकून ठेवा, वास सुटला तर समजा की कुजायचं काम अजून बाकी आहे. अशी पूड परत ढिगात किंवा क्रेटमध्ये निदान काही आठवडे मुरवावी लागते. पिशव्या असल्या मशीनमध्ये अख्ख्या टाकल्या तर पात्यांना गुंडाळून बसतात आणि मोटर भार घेते. मऊ पिशव्या मशीनच्या बाहेरच ठेवा, हा नियम मी सरसकट सांगते.

तुम्ही इथपर्यंत काय करू शकता, तर मेन स्विच बंद, प्लग बाहेर, झाकण उघडून दिसतं तेवढं काठीने मोकळं करणं. बस.

इथे थांबा आणि माणूस बोलवा

पात्याला गुंडाळलेलं आत हात घालून ओढायचं नाही, स्विच बंद असला तरी नाही, मशीनवाल्याचा टेक्निशियन बोलवा. बॉडीला हात लावल्यावर झिणझिण्या येतात, एमसीबी पडतोय, काळं पाणी वायरिंगपर्यंत आलंय, इलेक्ट्रिशियन आल्याशिवाय स्विच वर करायचा नाही.

पिट माणसाच्या उंचीएवढा खोल आहे किंवा काळं पाणी साठवायची टाकी बंद आहे तर आत कोणीही उतरायचं नाही, दोरी बांधून नाही, तोंडाला रुमाल बांधून नाही. हायड्रोजन सल्फाइडचा वास थोड्या वेळाने नाकाला कळेनासा होतो, म्हणजे वास नाही म्हणून गॅस नाही असं होत नाही. सक्शन गाडी असलेला माणूस बोलवा.

दम्याचा त्रास असलेल्यांनी ढीग पलटायचा नाही, बुरशीची धूळ उडते, बाकीच्यांनी मास्क लावून.

ओल, हवा, आकार, प्रमाण सगळं बरोबर करूनही दोनतीन आठवडे सळी थंडच लागतेय तर खत करणाऱ्या जाणकाराला एकदा प्रत्यक्ष बोलवा, फोनवर फोटो पाठवून हे कळत नाही. तुमची सोसायटी २०,००० चौरस मीटरच्या वरची आहे किंवा दिवसाला १०० किलोच्या वर कचरा निघतो तर २०१७ पासून पालिकेने ओला कचरा जागच्या जागी जिरवायला सांगितलेलं आहे, तिथे वॉचमनच्या भरवशावर चालत नाही, पगारी माणूस लागतो.

आणि पिशवी यादीत आहे, पाण्यात बुडते, ढीग ५५ च्या वर टिकतोय आणि तरीही तीन महिन्यांनी पिशवी अख्खी निघते, तर हे घरगुती तपासणीच्या पलीकडे गेलं. मालाचा संशय असेल तर प्रयोगशाळा लागते, सिपेट या केंद्र सरकारच्या प्लास्टिकविषयक संस्थेसारख्या ठिकाणी आयएस/आयएसओ १७०८८ ची चाचणी होते, ती महिनोन्महिने चालते आणि स्वस्त नसते, एका सोसायटीने करायची गोष्ट नाही. त्यापेक्षा लेखी तक्रार महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाकडे द्या. सोबत न वापरलेल्या पाच पिशव्या, पाकीट, बिल, ढिगाच्या तापमानाचे रोजचे आकडे आणि चाळणीवर राहिलेल्या पिशवीचा तारखेसकट फोटो. बिल नसेल तर तक्रारीत दम राहत नाही, म्हणून पुढच्या खेपेपासून पिशव्या घेताना पक्कं बिल मागा आणि ते सेक्रेटरीच्या फाइलला लावा, कुणाच्या ड्रॉवरमध्ये नको.